सात तांब्यांचं पाणी

गास, ११ मार्च २०२५

सॅन्टन,

'प्रिय' लिहायचं राहिलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मध्येच बोलतोस. आणि आपल्या बोलीत भांडायला लागले की तुला घर आठवतं नि हसू फुटतं, मग माझा राग फुकट जातो. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. बसून वाच.

मर्विनची पानवेल गेली. सगळी. आधी पानांच्या कडा करपल्या, आम्हाला वाटलं ऊन लागलं. मग पानं पिवळी पडली आणि मग वेलीच्या वेली मांडवावरून सुतळीसारख्या लोंबायला लागल्या. त्याच्या वडिलांच्या हातची वेल होती ती. त्याची बायको रिटा सवयीने रोज सकाळी टोपली घेऊन मळ्यात जाते आणि रिकामी टोपली घेऊन परत येते. काल मी कुंपणापाशी उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता पुण्यात बसून तू म्हणशील, यात माझा काय संबंध? सांगते. दर शनिवारी संध्याकाळी साठ शेतकऱ्यांच्या फोनवर तुमचा संदेश येतो. 'पाणी द्या', 'पाणी थांबवा' किंवा 'बावखलाचं पाणी मिसळून द्या', या तीनपैकी एक. जानेवारीत आमच्या आळीला काय आलं? पाणी द्या. फेब्रुवारीत? पाणी द्या. मर्विन बिचारा फोन बघायचा आणि पंप सुरू करायचा. आठ आठवडे त्याने त्या वेलींना खारं पाणी पाजलं, मोठ्या शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून.

समुद्र चढतोय, चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत कोसळून वाहून जातोय, जमिनीत मुरत नाही, म्हणून खाडी आमच्या विहिरींत शिरतेय, हे सगळं तू दोन वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमध्ये रंगीत नकाशे लावून समजावलं होतंस. छान समजावलंस. मलाही पटलं. शेवटी मी उभी राहिले आणि म्हणाले की आमच्या आळीत आई पाणी चाखून सांगायची, आता मी सांगते, आजवर चुकलेलं नाही. तेव्हा तू माईकवर काय बोललास आठवतं? "ताई, जिभेने शेती करायचे दिवस गेले." हॉल हसला. फादरसुद्धा हसले. ज्या भावाला मी कडेवर घेऊन फिरवलं त्याने माझ्या पंचावन्नाव्या वर्षी मला गावासमोर खाली बसवलं.

तर आता ये. मर्विनच्या मांडवाखाली उभा राहा आणि जिभेने नाही तर कशाने शेती करायची ते त्याला समजावून सांग. नकाशे आण हवे तर.

लूर्डस


गास, २३ मार्च २०२५

सॅन्टन,

पत्र मिळालं. "ताई, तुमच्या आळीचा संदेश आपल्या विहिरीच्या खारेपणाच्या आकड्यावरून ठरतो, कारण ती खाडीला सगळ्यांत जवळ आहे. तो आकडा तू पाठवतेस. म्हणून आधी तुझी वही आणि खारेपणा मोजायचं यंत्र बघावं लागेल." वा रे वा! किती गोड शब्दांत मला चोर म्हणतोस!

हो, आकडा मीच पाठवते. दर शनिवारी सकाळी, दोन वर्षं, एकही शनिवार चुकवलेला नाही. एलिसाच्या बाबांच्या वर्षाच्या मिस्साला जायचं होतं त्या दिवशीसुद्धा आधी विहीर आणि मग चर्च. आकडा दोनच्या वर गेला की पाणी वेलीला विष, हे तूच शिकवलंस. माझा आकडा दोनच्या वर गेलाच नाही, तर मी काय करू? बाकीच्या नऊ विहिरींचे आकडे जानेवारीपासून चढत होते आणि आपलाच एवढा सपाट कसा, असं तू विचारतोस. मला काय ठाऊक? शेजारी बावखल आहे, त्याचं गोडं पाणी झिरपत असेल. शास्त्रज्ञ तू आहेस, मी नाही.

यंत्र ठीक आहे. जपून ठेवलेलं आहे. वही पाठवणार नाही. पोस्टात गहाळ झाली म्हणजे तुझं काय जातं?

आणि डिसेंबरातल्या तापाची चौकशी मध्येच कशाला? एलिसाने कळवलेलं दिसतंय. मामाकडे चुगल्या करायची सवय तिला पहिल्यापासून. आला होता ताप, अकरा दिवस राहिला, गेला. आता मी ठणठणीत आहे, विहिरीवरून दोन कळशा एका दमात आणते. हल्ली पोरीची भलतीच तक्रार असते. एक दिवस म्हणते, आई, कालवणात मीठ ओतलंस की काय, आणि दुसऱ्या दिवशी म्हणते घातलंच नाहीस. अंधेरीला बँकेच्या कँटीनचं खाऊन खाऊन तिच्या तोंडाची चव गेली आहे, दुसरं काय.

आईला शेवटचे आठ दिवस ताप होता तेव्हा तुला चौकशी सुचली नाही. तेव्हा तू परदेशात कुठल्या परिषदेत आपल्याच विहिरीचा फोटो लोकांना दाखवत होतास. तू आलास तेव्हा कबरीवरची फुलं वाळून गेली होती. मीच ती उचलून टाकली आणि मग तुला तिथे नेलं. त्यामुळे माझ्या तापाची काळजी तू करू नकोस, ती तुला शोभत नाही.

मर्विनला काय सांगायचं ते कळव. माझी उलटतपासणी पुरे.

लूर्डस


गास, ८ एप्रिल २०२५

सॅन्टन,

आज सकाळी दोन डंपर आले आणि मर्विनच्या बाजूने बावखलात डबर ओतून गेले.

पुन्हा वाच. बावखलात. तुझ्या साहेबांना बावखल म्हणजे काय ते सांगताना तू 'गावातलं छोटं तळं' म्हणाला होतास, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. छोटं तळं म्हणे! पावसाचं पाणी त्यात उभं राहतं, सावकाश जमिनीत उतरतं आणि खाडीच्या पाण्याला अलीकडे येऊ देत नाही. अर्धं आपल्या वाडीत, अर्धं मर्विनच्या. ते आहे म्हणून आळीच्या सात विहिरींना पावसाळ्यानंतर काही महिने तरी गोडं पाणी असतं. ते बुजवलं की सातही विहिरी कायमच्या खाऱ्या. हे मी सांगत नाही, तुझ्याच नकाशात निळ्या रंगाने दाखवलेलं होतं.

मी धावत गेले. म्हटलं, मर्विन, वेड लागलं का तुला? तो शांत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, माझी बाजू विकतोय. घेणाऱ्याला सपाट जागा पाहिजे." मी म्हटलं, वेल पुन्हा लावता येईल. म्हणाला, "कशात लावू? सॅन्टनचं शास्त्र म्हणालं पाणी गोडं आहे. तुम्ही पण चाखून गोडं म्हणालात. गोडं पाणी दिलं आणि तरी वेल मेली, म्हणजे जमीनच मेली ना, ताई? मेलेल्या जमिनीशेजारी तळं ठेवून काय करू?"

मी तशीच वळले. परत आले.

तो म्हणत होता ते नाताळानंतरच्या पहिल्या शनिवारचं. ते तरी आठवतं का तुला? सात घरांतून सात तांबे आपल्या ओट्यावर यायचे. आई प्रत्येक तांब्यातलं घोटभर प्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, हे आणखी दोन महिने चालेल, हे महिनाभर, याला आत्तापासून बावखलाची जोड द्या. ज्याने सांगायचं त्याने आधी प्यायचं, हा तिचा नियम. आपल्या दोघांनाही ती घोट द्यायची. मी गिळायचे. तू खारं लागलं की ओट्याखाली थुंकून टाकायचास आणि आई तुझ्या पाठीत धपाटा घालायची.

या वर्षीही सात तांबे आले. मी चाखले. गोडं म्हणाले. रिटाला तेव्हा उगाच वाटलं होतं की तिच्या विहिरीचं पाणी जरा खारट लागतंय. मी म्हटलं, तुझ्या जिभेला काय कळतं? चार बायका हसल्या. तिने ते मनात ठेवलेलं दिसतंय.

तू मर्विनला फोन कर. त्याला सांग की जमीन मेलेली नाही. तो विचारेल, मग वेल का मेली. तेव्हा त्याला काहीतरी सांग. तुझ्याकडे शब्दांचा तोटा कधीच नव्हता. पुढचे डंपर ईस्टरनंतर येणार आहेत.

लूर्डस


गास, १४ एप्रिल २०२५

सॅन्टन,

काल झावळ्यांचा रविवार. मिस्साहून घरी आले तर ओट्यावर तुझं कुरिअर. नवीन यंत्र आणि चार पानी पत्र. झावळी हातात तशीच धरून उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग इतका संताप आला की एलिसा घाबरून बाहेर आली.

तू लिहितोस: "ताई, मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ते यंत्र दशांशापुढे दोन आकडे दाखवतं. तू नेहमी एकच पाठवायचीस. तू यंत्र वापरतच नव्हतीस, चाखून आकडा लिहीत होतीस. आमचा माणूस महिन्याला बाटली भरून न्यायचा, ती मी स्वतः तपासायचो. तुझी जीभ दर वेळी बरोबर निघाली. म्हणून दुसऱ्या वर्षी मी आपल्या विहिरीच्या बाटल्या बंद केल्या."

दर वेळी बरोबर निघाली! आणि हे तू मला आत्ता सांगतोस? हॉलमध्ये साठ माणसांपुढे म्हणालास, जिभेने शेती करायचे दिवस गेले. आणि पुण्याला जाऊन त्याच जिभेच्या भरवशावर सात वाड्यांना पाणी पाजलंस? तेव्हा एकदा, फक्त एकदा, त्याच हॉलमध्ये उभं राहून म्हणाला असतास की माझ्या बहिणीचा आकडा प्रयोगशाळेत खरा ठरला, तर तुझं काय झिजलं असतं रे?

आणि वर उपकार. "मी सगळ्यांना लिहितो की आमची पद्धत चुकली. चूक माझ्यावर घेतो. तुझं नाव कुठेही येणार नाही." कोणी मागितले तुझे उपकार? मर्विनला फोन करून हेच सांगितलंस ना? म्हणून काल चर्चच्या पायरीवर तो मला म्हणाला, "सॅन्टनने मान्य केलं, ताई. त्याचं शास्त्र आपल्या मातीला लागू नाही. म्हणजे माझंच खरं." अरे शहाण्या, तुझ्या या मोठेपणाने ते बावखल आणखी लवकर बुजणार आहे. त्याला वाटतंय शास्त्रही खरं नाही, जमीनही गेली, आता राहिलं काय?

आता ऐक. हे मी फादरांना सांगायच्या आधी तुला सांगते आहे, यावरून समज मला किती राग आलाय.

यंत्र मी पहिले चारच शनिवार वापरलं. आधी चाखायचे, आकडा मनात धरायचे, मग यंत्र बुडवायचे. चारही वेळा जुळलं. मग ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. म्हटलं, सॅन्टनला वर्षभराने सांगू की तुझं यंत्र तांदूळ खात बसलंय आणि आकडे माझ्या जिभेचे आहेत. बघू मग कोण हसतं. एवढाच माझा डाव होता.

मग डिसेंबरातला ताप. ताप उतरला त्या सकाळी एलिसाने कॉफी दिली. नुसतं गरम पाणी. मी म्हटलं, साखर विसरलीस. ती म्हणाली, दोन चमचे आहेत. तेव्हापासून मला काहीच कळत नाही, सॅन्टन. गोड नाही, खारट नाही, तिखट तेवढं जिभेला चटका देतं. मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, येईल परत. आठ दिवसांत येईल. नाताळची कलकलं तळली, सगळ्यांनी छान झाली म्हटलं, मी नुसतं पीठ चावत होते.

आणि त्या शनिवारी सात तांबे आले. एकेक उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. काही नाही. सातही तांब्यांत काही नाही. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे म्हणायला हवं होतं, बायांनो, माझी जीभ गेली. तीन शब्द होते. ते मी म्हणाले नाही. कारण तुझा तो हॉल माझ्या कानात हसत होता. गोडं आहे म्हणाले. रिटा म्हणाली जरा खारट लागतंय, तर तिला हॉलसारखीच खाली बसवली.

पुढे दर शनिवारी विहिरीवर जायचे, चाखायचे आणि अंदाजाने लिहायचे. एक. एक पूर्णांक एक. एक. एकदा तर दीड लिहिलं, जरा खरं वाटावं म्हणून. ते आकडे लिहिताना मी दोनदा विचारही केला नाही, आणि त्याचंच आता भय वाटतं. मर्विनची पानं करपली तेव्हा मला कळलं होतं. पहिल्या दिवशी कळलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं ते कळल्यावर लिहिलेलं आहे.

काल डबा उघडला. यंत्रातली बॅटरी फुटून हिरव्या बुरशीसारखी पसरली होती. तुझं नवीन यंत्र घेऊन विहिरीवर गेले. ३.६४. दोन आकडे, बघ, पाठवले. बावखलाचं ०.५८. म्हणजे वेली वाचवायला लागणारं पाणी वीस पावलांवर होतं. 'मिसळून द्या' एवढा एक संदेश आला असता तर पुरलं असतं.

तर तू आता गप्प बसायचंस. पत्रकं काढायची नाहीत, चूक अंगावर घ्यायची नाही. मर्विनला शास्त्राने फसवलं नाही, जमिनीनेही नाही. शेजारणीने फसवलं. ते त्याला कळलं तरच डंपर थांबतील, नाहीतर नाही. आळी माझी आहे, तोंडही माझं आहे. मी बघते.

लूर्डस


गास, २२ एप्रिल २०२५

सॅन्टन,

काल, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सातही घरांना निरोप पाठवला. आपापल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन ओट्यावर या. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं, एप्रिलात कोणी पाणी चाखतं का? पण आले. मर्विन यायला तयार नव्हता. रिटा त्याला घेऊन आली आणि तो ओट्यावर न चढता खाली उभा राहिला.

मी भाषण पाठ करून ठेवलं होतं. सगळ्यांची तोंडं बघितल्यावर पहिलंच वाक्य आठवेना. मग आतून मिठाची बरणी आणली, रिटाच्या हातात दिली आणि म्हटलं, तुझ्या तांब्यात मूठभर टाक. ती बघतच राहिली. म्हटलं, टाक गं. तिने टाकलं. हलव म्हटलं, हलवलं. तो तांब्या मी तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर अर्धा प्याले. घटाघटा. तोंड वाकडं नाही, काही नाही. खाली ठेवला आणि म्हणाले, "गोडं आहे."

कोणी हसलं नाही. एलिसाने दारात उभ्या उभ्या तोंडावर हात नेला. तिला त्या क्षणी महिनोन्‌महिन्यांचं कालवण आठवलं असणार.

मग सांगितलं. तापापासून सगळं. तुला लिहिलं तेच, पण त्यांना बोलीत. बोलीत सांगणं जास्त कठीण असतं, हे मला माहीत नव्हतं. मग तुझं यंत्र काढलं आणि एकेका तांब्यात बुडवून आकडा मोठ्याने वाचला. सहा विहिरी दोनच्या वर. रिटाच्या तांब्यात मीठ होतं, म्हणून त्यांच्या विहिरीचं पाणी पुन्हा आणवलं. ३.१२. शेवटी बावखलाचं. ०.६०. मर्विनला म्हटलं, तुझी जमीन मेलेली नाही. आठ आठवडे तिला खारं पाणी मिळालं, ते माझ्या थापेने. पावसाने बरंच धुऊन जाईल, पण बावखल राहिलं तर. ते बुजवलंस तर मात्र खरंच मरेल, तुझीही आणि आम्हा सहा जणांचीही.

त्याने यंत्र हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. मग म्हणाला, "आठ आठवडे, ताई. रोज सकाळी पंपापाशी उभा राहून मी स्वतःच्या हाताने पाणी सोडलं." आवाज चढवला नाही. "तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, मला कळत नाही, तर मी तुम्हाला हसलो नसतो." आपल्या तांब्यातलं पाणी त्याने माझ्या पायरीवर ओतलं आणि गेला.

रिटा गेली नाही. तिने विचारलं, "मी तेव्हाच म्हणाले होते की नाही?"

"म्हणाली होतीस."

"आता चार माणसांत म्हणा."

मी ओट्यावर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, रिटाची जीभ खरी होती, माझी खोटी, आणि मी तिला गप्प केलं. तिने मान हलवली. मग बरणी आत नेऊन जागेवर ठेवली आणि घरी गेली. सगळे गेल्यावर मी मागच्या दारी जाऊन पोटातलं सगळं ओकले. एलिसा पाठ चोळत होती आणि रडत होती आणि मला शिव्या देत होती, तिन्ही एकदम.

बघ, मी मेले नाही. म्हणून आता तुझी पाळी. पुढच्या संदेशात साठ फोनांवर खरं जाऊ दे. तुझ्या बहिणीने खोटे आकडे पाठवले, हे लिही, मला चालेल. पण हेही लिही की बाकीच्या नऊ विहिरी चढत असताना ही एकच सपाट दिसत होती, तुला शंका आली होती, आणि तू बाटली भरायला माणूस पाठवला नाहीस. पुण्याहून गास किती लांब आहे रे? शेतकऱ्याला 'पाणी द्या' म्हणण्याआधी ते पाणी कोणीतरी बघायला नको का? मी चुकले ते भीतीने. तू चुकलास ते आळसाने, आणि वर त्याला विश्वास असं नाव देतोस.

डंपरचं अजून काही कळलेलं नाही. मर्विन बोलत नाही.

लूर्डस


गास, ११ मे २०२५

सॅन्टन,

तुझा संदेश आला. आळीत सगळ्यांनी वाचला. तू सगळं लिहिलंस. बाटल्यांचंही लिहिलंस. मला वाटलं होतं तेवढं तू गाळशील. मी तुला माफ केलं असा अर्थ काढू नकोस. आईच्या वेळचं तसंच आहे.

डंपर आले नाहीत. मर्विनने घेणाऱ्याला सांगितलं म्हणे, पावसानंतर बघू. नाही म्हणालेला नाही, हे लक्षात ठेव. पण गेले चार दिवस नवरा-बायको घमेल्याने बावखलातलं डबर काढून रस्त्याच्या कडेला टाकताहेत. मी तिसरं घमेलं घेऊन गेले. मर्विनने माझ्याकडे बघितलं नाही, पण जा असंही म्हणाला नाही. मी आमच्या बाजूने काढते, तो त्याच्या बाजूने काढतो. पाठीला पाठ लावून काम चाललंय. त्याला वाटलं तर तो बोलेल, नाहीतर नाही बोलणार. माझा त्यावर काही हक्क नाही.

रिटाने सावलीत वेलीचे चार कांडे लावले आहेत. त्यांना फक्त बावखलाचं पाणी घालते. एका कांड्याला डोळा फुटलाय. मला दाखवायला तिने मुद्दाम हाक मारली, आणि दाखवून झाल्यावर म्हणाली, "हात लावू नका."

शनिवारचा आकडा आता आम्ही दोघी घेतो. यंत्र ती धरते, वही मी लिहिते, शेवटी दोघी सह्या करतो. कालचं लिहून घे: विहीर ३.९१, बावखल ०.६६. बाटलीही भरून ठेवली आहे, ती न्यायला माणूस पाठव. पाठवला नाहीस तर मी एलिसाला घेऊन पुण्याला येईन आणि तुझ्या कचेरीत, तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेवीन.

माझी जीभ परत आलेली नाही. नालासोपाऱ्याचे डॉक्टर म्हणतात येईलही, नाही पण येणार. आता मीठ मी चमच्याने मोजून घालते. एलिसा तक्रार करत नाही, त्यावरून कालवण बरं होत असावं.

आणखी एक. या २७ डिसेंबरला नाताळानंतरचा पहिला शनिवार आहे. सात तांबे येतील. मी म्हटलं होतं, आता यंत्र आहे, कशाला आणता, तर रिटाच म्हणाली, यंत्र आकडा सांगेल, पण तांबे येणार, ज्याने सांगायचं त्याने आधी प्यायचं हा तुमच्या आईचा नियम आहे. आळीला 'पाणी द्या' कोण सांगतं? मी नाही सांगत. रिटाही नाही. तू सांगतोस, पुण्यातून, बटण दाबून.

मग तू ये. ओट्यावर बस, आईच्या जागी. यंत्र बुडवून आकडा वाच आणि मग तांब्या उचल. लहानपणी खारं लागलं की तू थुंकून टाकायचास. या वेळी गिळ.

लूर्डसताई